१.३५ व्होल्ट

जुन्या कॅमेऱ्याचं लाइट मीटर 'मेलं' असं आपण म्हणतो, तेव्हा नक्की काय मेलेलं असतं?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. फिल्म कॅमेऱ्यात जी मीटर असायची, त्यांच्या जातीनुसार त्यांची मरणाची तऱ्हा वेगळी. एक जात म्हातारपणाने मरते, दुसरी उपाशी मरते. या दुसरीची गोष्ट जास्त भारी आहे, कारण तिचं अन्न जगाने विचारपूर्वक, कायदे करून बंद केलं. आणि खरं सांगायचं तर बंद केलं ते बरंच केलं. या वीकेंडला त्याच्याबद्दल.

निमित्त आमचे मोठे काका. कारंजा (लाड), जिल्हा वाशिम (१९९८ पर्यंत जिल्हा अकोला) इथे त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, आयकार्ड साइज फोटो, गुरुमंदिरात आलेल्या बाहेरगावच्या मंडळींचे ग्रुप फोटो, सगळं. त्यांचा लाडका कॅमेरा म्हणजे मिनोल्टा एसआर-टी १०१. १९८१ साली मुंबईच्या बोरा बाजारातून सेकंडहँड घेतलेला. मीटर कधीच बंद पडलं होतं, पण काकांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. अंगणातलं ऊन बघून ते आकडे सांगायचे आणि फोटो बरोबर यायचे. मागच्या दोन-तीन वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर बरीच गेली. दिवाळीत घरी गेलो तर कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "डोये आता खोटं सांगतात रे. मीटर चालू करून दे मले."

तर आता थोडा इतिहास.

मीटर नव्हतं तेव्हाही लोक फोटो काढतच होते. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. सेलेनियमचं मीटर बाजारात यायला तेव्हा अजून जवळजवळ वीस वर्षं होती. म्हणजे आपला पहिला सिनेमा सूर्याच्या भरवशावर आणि नजरेच्या अंदाजावर निघाला. नंतर रोलच्या खोक्यावर छोटा तक्ता यायला लागला: कडक ऊन असेल तर अमुक, ढग असतील तर तमुक. आपल्याकडे घरोघरी असलेला, बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री आठवतोय का? त्याच्यावर सूर्य आणि ढग अशी चित्रंच होती. वऱ्हाडात तर वर्षातले आठ महिने सूर्याचं चित्र सोडून काही लागतच नाही, हा भाग वेगळा :)

प्रकाश विजेने मोजता येतो, हे कळलं ते मात्र फोटोग्राफीशी संबंध नसलेल्या माणसांना. १८७० मध्ये समुद्राखालून मुंबईपर्यंत तारेची केबल आली. ती बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीत विलोबी स्मिथ नावाचा मुख्य इलेक्ट्रिशियन होता. केबल समुद्रात सोडताना तपासायला त्याला मोठ्या रेझिस्टन्सचा पदार्थ हवा होता, म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. त्यांचं रीडिंग काही स्थिर राहीना. कांडीवर उजेड पडला की रेझिस्टन्स कमी, झाकली की जास्त! १८७३ मध्ये त्याने हे जाहीर केलं. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग करताना सापडलेला बग पुढे फीचर झाला.

पुढे सेलेनियमचे असे सेल बनले, जे उजेड पडला की स्वतःच थोडी वीज तयार करतात. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टन कंपनीने त्यावर चालणारं, हातात धरायचं मीटर विकायला आणलं. १९३५ च्या कॉन्टाफ्लेक्समध्ये ते थेट कॅमेऱ्यात बसलं. रशियन झेनिट-ई किंवा ऑलिंपस ट्रिप ३५ कधी पाहिला असेल, तर मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी काच आठवेल. तिच्यामागे सेलेनियम. याला बॅटरी लागत नाही, त्यामुळे हे उपाशी मरूच शकत नाही. हे मरतं वयाने. दमट हवा लागून थर आणि जोड खराब होत जातात, सुई आळशी होते आणि एक दिवस हलतच नाही. त्याला औषध नाही. दुसरा सेल बसवायचा, बस्स.

सेलेनियमची आणखी एक अडचण म्हणजे त्याला मोठी खिडकी लागते आणि संध्याकाळच्या उजेडात ते गप्प बसतं. साठच्या दशकात कॅडमियम सल्फाइड आलं. मुगाच्या डाळीएवढा तुकडाही पुरतो, कमी उजेडातही काम करतो आणि लेन्समधून आत आलेला प्रकाश मोजायला कॅमेऱ्याच्या पोटात बसवता येतो. १९६३ चा टॉपकॉन, १९६४ चा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक, १९६६ चा आमचा मिनोल्टा, सगळे याच घराण्यातले. फक्त एक गोष्ट बदलली. हा पदार्थ स्वतः वीज बनवत नाही, फक्त रेझिस्टन्स बदलतो. म्हणजे बाहेरून वीज द्यायला हवी. म्हणजे बॅटरी आली!

आणि बॅटरी कुठली, तर पाऱ्याची. हा सेल दुसऱ्या महायुद्धात सॅम्युएल रूबेन या अमेरिकन संशोधकाने बनवला. साधे झिंक-कार्बनचे सेल उष्ण, दमट प्रदेशात पटकन खराब व्हायचे आणि सैन्याच्या वायरलेसना ते परवडणारं नव्हतं. पाऱ्याचा सेल उन्हाळ्यालाही पुरून उरला. पण कॅमेरावाल्यांना आवडला तो त्याचा दुसरा गुण. नवा असताना १.३५ व्होल्ट, सहा महिन्यांनी १.३५, वर्षानेही १.३५. आणि मग एक दिवस धाडकन शून्य. मधलं काही नाही. साधा सेल म्हाताऱ्या बैलासारखा हळूहळू बसत जातो, तसं याचं नव्हतं.

आता डिझाइन करणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पुरवठा इतका पक्का असेल तर व्होल्टेज स्थिर ठेवणारं वेगळं सर्किट कशाला टाकायचं? पैसे वाचतात, जागा वाचते. बऱ्याच कंपन्यांनी तेच केलं. थोडक्यात काय, तर १.३५ हा आकडा हार्डकोड केला. कोडमध्ये नव्हे, तर सुईच्या स्प्रिंगमध्ये आणि रेझिस्टरमध्ये. पेंटॅक्सवाल्यांनी स्पॉटमॅटिकमध्ये ब्रिज सर्किट टाकलं. त्यात दोन बाजू एकमेकींशी तोलल्या जातात, त्यामुळे बॅटरी १.३५ ची असो की १.५५ ची, सुई मध्यावर येते ती जागा बदलत नाही. बाकीच्यांनी जग असंच राहणार हे गृहीत धरलं.

जग तसं राहिलं नाही. आणि का राहिलं नाही, हे सांगायला जपानला जावं लागेल.

मिनामाटा हे क्युशू बेटावरचं समुद्रकाठचं गाव. चिस्सो नावाच्या रासायनिक कारखान्याचं पाणी तिथल्या खाडीत जायचं. त्यात पाऱ्याचं एक विषारी संयुग होतं, मिथाइल मर्क्युरी. ते माशांत गेलं, माशांतून माणसांत. लोकांचे हातपाय वाकडे झाले, दिसेना, बोलता येईना. आईच्या पोटातली बाळंही सुटली नाहीत. १९५६ मध्ये रोगाची अधिकृत नोंद झाली. सरकारने कारण मान्य केलं ते १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं लोक तेच मासे खात राहिले.

१९७१ मध्ये युजीन स्मिथ हा अमेरिकन फोटोग्राफर पत्नी आयलीनबरोबर तिथे राहायला गेला. जायचं होतं थोड्या दिवसांसाठी, राहिले तीन वर्षं. १९७२ च्या जानेवारीत चिस्सोच्या माणसांनी त्याला इतकं मारलं की त्याच्या नजरेवरही परिणाम झाला. तरी काम थांबलं नाही. १९७५ मध्ये दोघांचं पुस्तक आलं आणि मिनामाटा जगाला कळलं.

आता गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर). तिथे स्मिथच्या हातात मिनोल्टाचा एसआर-टी १०१ होता. आमच्या काकांचा तोच. आणि त्या कॅमेऱ्याच्या बुडात जो गोल सेल बसतो, पीएक्स ६२५, तो पाऱ्याचा. पाऱ्याने माणसांचं काय केलं हे ज्याने जगाला दाखवलं, तो कॅमेराच पाऱ्याच्या सेलवर बेतलेला होता. यात कुणाचा दोष नाही. मिनामाटाचा पारा बॅटरीतून आला नव्हता. पण पारा एकदा मातीत, पाण्यात गेला की तो कुठून आला हे मासा विचारत नाही.

पुढचं सगळं सरळ आहे. १९९६ मध्ये अमेरिकेने कायदा करून पाऱ्याच्या सेलची विक्री थांबवली, पाठोपाठ युरोपने. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, नावच मिनामाटा करार. २०१७ मध्ये तो लागू झाला, २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. आणि जगभरच्या कपाटांतली चांगली, धडधाकट मीटर उपाशी राहिली.

काकांच्या कॅमेऱ्याकडे येऊ. बुडावरचं झाकण नाण्याने फिरवून काढलं तर आत जुना सेल तसाच, भोवती पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखं. (सेल कधी बसवला होता हे काकांनाही आठवेना.) तो काढून झाकणाच्या छोट्या बाटलीत बंद केला. इअरबडला थोडं व्हिनेगर लावून पट्ट्या साफ केल्या, कारण गळालेला मसाला अल्कलीचा असतो, तो आम्लाने सुटतो. नवीन सेल टाकला, सुई ढिम्म. मग बुडाची पट्टी काढली. इथे एक टीप: जपानी कॅमेऱ्याचे स्क्रू दिसायला आपल्या फिलिप्ससारखेच, पण खाच थोडी वेगळी असते. त्यांचा वेगळा स्क्रूड्रायव्हर मिळतो, तोच वापरा, नाहीतर डोकी जातात. आतमध्ये बारीक दोऱ्या आणि कप्प्या दिसल्या तर त्यांना अजिबात हात लावायचा नाही. शटर आणि अॅपर्चरचे आकडे मीटरपर्यंत पोचवायचं काम त्या करतात.

सेलच्या डबीतून निघणारी वायर वरून ठीक दिसत होती. मल्टिमीटर लावला तर आरपार काहीच नाही. इन्सुलेशनच्या आत तांबं हिरवं होऊन गेलेलं. नवीन वायर सोल्डर केली, स्विच बॅटरी-चेकवर नेला आणि सुई उठली! पंधरा रुपयांचंही काम नाही. सुई, सेन्सर, दोऱ्या, सगळं शाबूत होतं.

पण उठलेली सुई खरं बोलतेय का, हा पुढचा प्रश्न. आजचा सिल्व्हर ऑक्साइडचा बटण सेल १.५५ व्होल्ट देतो. व्होल्टेज जास्त म्हणजे सुई जास्त हलते, मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे आणि फोटो काळपट येतो. उपाय दोन. एक, कानाच्या मशीनचा झिंक-एअर सेल. तो १.४ व्होल्टचा, बराच जवळचा. पण त्याचं स्टिकर काढलं की हवा लागून तो काही महिन्यांत संपतो, वापरा न वापरा. दुसरा, सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि वाटेत एक डायोड, जो साधारण ०.२ व्होल्ट स्वतःच खातो. शॉटकी डायोड ऑनलाइन मिळतो, पण आम्हाला कारंज्यातच जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला जर्मेनियम डायोड मिळाला. डायोड किती व्होल्ट खातो ते करंटप्रमाणे थोडं बदलतं, म्हणून बसवल्यावर तपासणं आलं.

तपासायला वाशिम जिल्ह्यासारखी जागा नाही. निरभ्र दुपारचं ऊन हे जगातलं सगळ्यात स्वस्त स्टँडर्ड आहे. रोल १०० स्पीडचा असेल तर अॅपर्चर १६, शटर १/१२५. मोबाइलचं अॅपही जवळपास तेच म्हणालं. आमची सुई अर्ध्या स्टॉपच्या आत आली. काकांना आकडे सांगितले तर म्हणाले, "हे तर मी तुले घरात बसून सांगतलं असतं."

मग त्यांनी मला खरी गोष्ट शिकवली. हे मीटर वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजतं आणि समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं. कापसाच्या ढिगावर धरलं तर सुई म्हणेल उजेड फार आहे, आणि ऐकलंत तर पांढराशुभ्र कापूस राखाडी येईल. म्हशीवर धरलं तर उलटं, म्हैस राखाडी. १९९४ मध्ये शकुंतलेचं वाफेचं इंजिन बंद झालं त्याआधी काकांनी कारंजा स्टेशनवर त्याचे फोटो काढले होते. काळं इंजिन, वर पांढरी वाफ, मागे मे महिन्याचं आभाळ. निगेटिव्ह आजही बघण्यासारख्या आहेत. "मीटर काई खोटं नाई सांगत," काका म्हणाले. "पण समोर कापूस हाय का म्हैस, हे त्याले समजत नाई. ते तू पाहाचं."

म्हणजे गृहीतकं दोन निघाली. १.३५ व्होल्ट कायम मिळणार हे एक, आणि जग करडं आहे हे दुसरं. पहिलं डायोडने भागतं. दुसऱ्याला डायोड नाही.

तुमच्याही घरी माळ्यावर असा कॅमेरा असेल तर आजच बुडाचं झाकण उघडा. आत सेल असेल तर काढून ठेवा, मीटरची निम्मी दुरुस्ती तिथेच झाली. आणि तो पाऱ्याचा निघाला तर ओल्या-सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकू नका. बाटलीत बंद करा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. आमचा पुण्यात आणून दिला. वाटाण्याहून थोडा मोठा असेल, पण प्रवासभर खिशात जड लागत होता.