७५० पैकी २८२

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या शिक्षण खात्याच्या संगणकावर हा विद्यार्थी 'मागे पडलेला' याच रकान्यात गेला असता.

होटगी परिसरात आम्ही वस्तीतल्या मुलांबरोबर काम करतो. इथे घरात कन्नड, शाळेत मराठी, अशी मुले कमी नाहीत. २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली, विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन गेली. २०२३-२४ पासून 'पॅट' चाचणीचे गुण गुरुजी मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये भरतात. सगळ्या राज्याला एकच मोजपट्टी. ती आपली मुले कुठे अडतात ते सांगते, का अडतात ते विचारत नाही.

हे दुखणे जुने आहे. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर शाळांचे अनुदान ठरायचे. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे वरवर न्याय्य वाटते, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्या वर्गांत विद्या पोचलीच नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवा, ही त्यांची मागणी होती. त्याआधी १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेशच नाकारला होता आणि सरकारनेही तो मिळवून दिला नाही. त्या मुलाची गुणवत्ता मोजणार कोण आणि कशाने?

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ मध्ये स्थापन झाली आणि १९२५ मध्ये तिने आपल्या याच सोलापुरात वसतिगृह काढले. परीक्षेआधी मुलाला राहायला जागा आणि पोटाला अन्न हवे, हा त्यामागचा साधा हिशेब.

म्हणून आम्ही यंत्राच्या विरोधात आहोत, असे कुणी समजू नये. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवरचा बारकोड आडनाव झाकतो. तपासनिसाला जात दिसत नाही, हे लहान काम नव्हे. पण यंत्रामागे माणूसच असतो. २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवल्याचे उघड झाले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. यंत्र आले म्हणजे प्रामाणिकपणा आला, हा भ्रम तिथेच फुटला.

२०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाच्या अहवालात सामाजिक गटांनुसार आकडे दिले होते. मग 'पॅट'चे निकाल तसेच, शिवाय घरच्या भाषेनुसार, तालुक्याच्या पातळीवर का मांडू नयेत? गुण भरून घेणाऱ्या यंत्रणेला हे अवघड नाही.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, त्यांत वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात वाटा आहे. पुढच्या बैठकीत आपल्या पालकांनी वर्गाचा 'पॅट' निकाल मागावा. आणि मागे पडलेल्या मुलासाठी कोणता जादा तास, कोणत्या भाषेत, कोण घेणार, हे इतिवृत्तात लिहून घ्यावे.