एक ग्रंथालय, अनेक पोथ्या



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला इतिहास शिकविला आणि बिदरचा महमूद गावानचा मदरसाही त्यांनीच दाखविला. त्यामुळे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरसारख्या नव्या विषयावर बोलावयाचे ठरले, तरी माझे मन प्रथम त्या वास्तूकडेच वळले, याचे आपणांस नवल वाटू नये.

निमित्त मात्र घरचेच आहे. या व्याख्यानमालेच्या 1990 च्या दशकातील पुस्तिका पुन्हा छापाव्यात, म्हणून जुन्या फायली मिळविल्या. उघडून पाहतो, तो मराठीचा मागमूस नाही. रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता गोंधळ! त्या काळी फॉन्ट तयार करणारा प्रत्येक जण आपापल्या सोयीने देवनागरीच्या आकारांना क्रमांक देत असे. तो फॉन्ट हाती नसेल, तर मजकूर असूनही नसल्यासारखा.

असे आपल्या भाषेत पूर्वीही घडले आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृतींनी त्या लिपीचा उलगडा करीपर्यंत मराठीचे आद्य गद्य बाहेरच्या मराठी वाचकाला अपरिचितच राहिले. त्यांच्यापुढे निदान पंथरक्षणाचा हेतू होता. आमच्या बाबतीत केवळ व्यापाराची सोय होती.

या कुलपाला दुहेरी उत्तर मिळाले. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच, सर्वांना ठाऊक असलेला क्रमांक मिळाला. दुसरे उत्तर त्याआधीचे. 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअरची मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असावा, हे त्यांचे सूत्र. 1991 मध्येच लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स अवतरला. पुढे देवनागरीचा 'लोहित' हा फॉन्टही अशाच खुल्या परवान्याने सर्वांना मिळाला.

परंतु लिपी खुली झाली, म्हणजे ग्रंथ वाचला असे नव्हे. आता मदरशाकडे वळू. 1472 च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या तीनमजली विद्यापीठात 3000 हस्तलिखिते होती, असे इतिहासकार नोंदवितात. 1481 मध्ये गावानचा वध झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस, मोगल अमलात, तेथे दारूचा स्फोट झाला. दर्शनी भाग आणि एक मनोरा कोसळला. आज निळ्या कौलांचे अवशेष अंगावर घेऊन दुसरा मनोरा उभा आहे. ग्रंथ मात्र तेथे नाहीत.

त्याच मुलखातील दुसरे उदाहरण पाहा. कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर हे 'गुरुचरित्रा'चे मुख्य क्षेत्र. सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड, ग्रंथ मराठी. तो कोणा एका दालनात राहिला नाही. घराघरांत त्याच्या नकला झाल्या. कोठे 51 अध्याय, कोठे 52, कोठे 53! पाठभेदांनी संशोधक त्रस्त होतात, पण एखाद्या स्फोटाने नाहीसा व्हावा असा हा ग्रंथ उरला नाही. टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये रचलेल्या 'गिट'मध्ये नेमके हेच तत्त्व आहे: प्रत्येक प्रतीत मजकूर तर असतोच, शिवाय तो कसकसा बदलत गेला त्याचा पूर्ण वृत्तान्तही असतो. आमच्या नकलकारांनी तेवढे केले असते, तर पाठचिकित्सेचे निम्मे श्रम वाचले असते.

समाजमाध्यमांची गोष्ट याहून वेगळी नाही. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले. एका मालकाचा एक निर्णय पुरेसा ठरला. 2016 मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनची रचना निराळी. गावोगावच्या टपाल कचेऱ्या स्वतंत्र असाव्यात आणि पत्र पोहोचविण्याचा नियम तेवढा समान असावा, तसे तेथील सर्व्हर परस्परांशी बोलतात. ॲक्टिव्हिटीपब या समान नियमाला जानेवारी 2018 मध्ये वेबच्या मानक संस्थेची मान्यता मिळाली. नोव्हेंबर 2019 मध्ये अनेक भारतीय तिकडे वळले. पुष्कळ जण लवकरच परतले, हेही सांगितले पाहिजे. स्वतःचा सर्व्हर चालविणे फुकटचे नसते. वीज लागते, देखभाल लागते आणि मुख्य म्हणजे जबाबदार माणूस लागतो. पोथीलाही वर्षातून एकदा ऊन दाखवावे लागतेच.

हा खटाटोप आपण कशासाठी करावयाचा? 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली; बिदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. भालकी, औराद, बसवकल्याण येथील मराठी घरे जेथल्या तेथे राहिली, पण त्यांच्या भाषेचे राज्य दुसरीकडे गेले. आपले मराठी कागद आपल्याआधी मुंबईने जपावेत, अथवा बेंगळुरूने जपावेत, अशी अपेक्षा धरणे मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

म्हणून दोघा माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने मी पुस्तिका युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करीत आहे. 11 पुऱ्या झाल्या. त्या शाळेच्या कार्यालयातील एका जुन्या संगणकावर, लिनक्सवर ठेविल्या आहेत आणि त्यांच्या प्रती भालकी, उदगीर व सोलापूर येथील तीन घरी आहेत. 1997 च्या पुस्तिकेची शेवटची चार पाने वाळवीने खाल्ली आहेत. आपल्यापैकी कोणाच्या ट्रंकेत ती पुस्तिका असेल, तर आज जाण्यापूर्वी मला अवश्य भेटावे.