विषाद आणि आशा : नाशिक जिल्ह्यातील एका जीवनाची साक्ष

नाशिक जिल्ह्याच्या उत्तरेस, आरम नदीच्या काठी वसलेले सटाणा हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण. साल्हेर-मुल्हेरच्या किल्ल्यांमुळे हा प्रदेश इतिहासात लढायांसाठी ओळखला जातो. पण खुद्द सटाणेकरांच्या स्मरणात खोल रुजला आहे तो एक मामलेदार. यशवंत महादेव भोसेकर हे त्यांचे नाव. सन १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी रयतेसाठी खुला केला आणि लोकांनी त्यांना ‘देवमामलेदार’ ही पदवी बहाल केली. त्यांचे मंदिर आजही या गावाची ओळख आहे. हताश माणसाला उपदेश करण्यापूर्वी त्याच्यापुढे भाकर ठेवावी लागते, हे सत्य या गावाने असे जपून ठेवले आहे.

अन्नाचा दुष्काळ डोळ्यांना दिसतो. मनाचा दुष्काळ दिसत नाही. डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली, कांद्याचा भाव कोसळला, तर नुकसान आकड्यांत मांडता येते. परंतु सकाळी अंथरुणातून उठण्याचेही बळ ज्याच्यात उरले नाही, त्याची हानी कोणत्या वहीत लिहावी? शिवाय श्रद्धावान घरात अशा माणसाच्या माथी आणखी एक ओझे येते. ‘तुझी प्रार्थना कमी पडली असेल, तुझा विश्वास डळमळला असेल,’ असे कोणी बोलून दाखवतो, कोणी न बोलता सुचवतो. नैराश्य म्हणजे श्रद्धेची उणीव, या समजुतीला ख्रिस्ती इतिहासाचा आधार आहे काय, हे एकदा शांतपणे तपासून पाहावे.

पवित्र शास्त्रापासूनच आरंभ करू. एलिया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला रागे भरत नाही. झोपू देतो, उठवून भाकर व पाणी देतो आणि पुन्हा झोपू देतो. देवाशी त्याचे बोलणे होते ते पुढे, होरेब पर्वतावर. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपते. त्याच्या शेवटी सांत्वनाची एकही ओळ नाही. तरीही ते प्रार्थना म्हणूनच शास्त्रात समाविष्ट झाले. आणि गेथशेमानीच्या बागेत स्वतः प्रभूने आपल्या जिवाचे दुःख शिष्यांपासून लपवले नाही.

ख्रिस्तसभेनेही ही अवस्था फार पूर्वी ओळखली होती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांनी भर दुपारी मनावर उतरणाऱ्या उदासीनतेचे बारकाईने वर्णन केले. तिला ते ‘मध्यान्हीचे भूत’ म्हणत. सन १५२२-२३ मध्ये मान्रेसा येथे संत इग्नेशियस लोयोला पापशंकांनी इतके ग्रासले गेले की, जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात वारंवार येऊ लागले. हे त्यांनी आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने सांगितले आहे. विषादाच्या काळात पूर्वीचे निर्णय बदलू नयेत, हा त्यांचा सुप्रसिद्ध नियम अशा अनुभवाच्या माणसाने घालून दिलेला आहे. मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या हसऱ्या मुखामागे कित्येक दशकांचा आध्यात्मिक अंधार होता, हे जगाला कळले. सन २०१६ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. तो अंधार आड आला नाही. आध्यात्मिक शुष्कता आणि नैराश्याचा आजार या एकच गोष्टी नव्हेत, हे खरे. पण अंधारात असणे म्हणजे देवाने टाकून देणे नव्हे, एवढे या साऱ्या साक्षींवरून निश्चित ठरते.

मात्र अशा साक्षीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. सटाणा ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. त्यांचा पंथ प्रॉटेस्टंट. पण मराठी ख्रिस्ती माणसाचा हा वारसा पंथाच्या कुंपणात मावणारा नाही. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे वेड लागले आणि सारे घर त्या छायेखाली वावरले. म्हणजे दुखावलेले मन काय असते, हे लक्ष्मीबाईंनी लहानपणीच पाहिले होते.

पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळच्या ब्राह्मण घरातील स्त्रीला पती जिवंत असताना त्याला मुकण्याची ही पाळी होती. लहानगा दत्तू पदरी, उत्पन्नाचे साधन नाही आणि सभोवती लोकांची कुजबूज. नाशिक, जलालपूर, पंढरपूर अशा ठिकाणी नातलगांच्या आधाराने त्यांनी जवळजवळ पाच वर्षे काढली. ‘स्मृतिचित्रे’ मध्ये आपल्या त्या अवस्थेवर त्यांनी पांघरूण घातलेले नाही. याच विरहात त्यांच्याकडून कविता रचल्या गेल्या. ज्यांना जोडाक्षरेही धड लिहिता येत नसत, त्यांच्या हाती दुःखाने लेखणी दिली.

त्यांना आशा कशी गवसली, हे येथे महत्त्वाचे आहे. ती एका क्षणात आकाशातून उतरली नाही. बहिणीच्या घरचा आसरा, मुलाचे संगोपन, पतीची पत्रे आणि भेटी अशा लहान पायऱ्यांनी ती आली. पतीकडे परतल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे सांभाळले. मग जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशीच विचार केला, आणि त्या विचाराअंती कोणाच्याही हातचे खाण्या-पिण्यास त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या निर्णयाने.

श्रद्धेने त्यांचे दुःख संपले, असेही नाही. टिळकांचा स्वभाव लहरी राहिला. १९१७ साली संन्यस्त वृत्तीने त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते निवर्तले. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ चे प्रकाशन चालूच होते. त्या ग्रंथातील विनोद पाहून वाचक चकित होतो. तो दुःख विसरलेल्या बाईचा विनोद नाही. दुःखाला घरात जागा देऊनही घर त्याच्या स्वाधीन न केलेल्या बाईचा आहे.

यातून ख्रिस्ती आशेचे स्वरूप उमगते. ती भावना नसून निष्ठा आहे. मन रिते असतानाही आजचे काम करणे, दुसऱ्याचा हात धरणे आणि आपला हात दुसऱ्याला धरू देणे, यांत ती नांदते.

ख्रिस्तसभाही या बाबतीत वाढत गेली आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. गंभीर मानसिक विकाराने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने सांगितले. ज्या घरांनी असा मृत्यू पाहिला आहे, त्यांना या शब्दांचे मोल विचारावे. नोव्हेंबर २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी नैराश्यावरील परिषदेत बोलताना स्तोत्रांचे मनन आणि जपमाळ यांबरोबरच रुग्णाला समाजात सामावून घेण्यावर भर दिला. ती परिषदच वैद्यक आणि श्रद्धा यांना एकत्र बसवणारी होती.

म्हणून औषध घेणे हा अविश्वास नव्हे. एलियाला भाकर देणारा देव डॉक्टरांच्या हातूनही देतो. आज ‘टेली-मानस’ च्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या व्यथेसाठी विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक सांगणे हेही शेजारधर्माचेच काम आहे.

सटाण्याच्या त्या मामलेदाराकडे खजिना होता आणि त्याने तो उघडला. आपल्यापाशी वेळ आहे, कान आहेत, प्रार्थनेची सोबत आहे. शेजारच्या घरात कोणी महिनोन्‌महिने दार लावून बसला असेल, तर त्याची श्रद्धा तपासण्याआधी आपण आपला खजिना उघडला काय, हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारावे.