पहिलाच सिनेमा आणि तोही रहस्यपट! काय होता ‘पुणे 52’?

हिंगोली जिल्ह्यातलं जवळा बाजार असो नाहीतर मुंबईतलं दादर, तमिळ थ्रिलरचे चाहते आता सगळीकडे आहेत. सिनेमा हिंदीत डब होऊन फोनवर येतो, रात्री उशिरापर्यंत बघितला जातो आणि सकाळी ग्रुपवर एकच प्रश्न पडतो: मराठीत असं कुणी का बनवत नाही?

तर बनवलं होतं. जानेवारी 2013 मध्ये ‘पुणे 52’ थिएटरला लागला. लेखक-दिग्दर्शक निखिल महाजन, आणि हा त्यांचा पहिलाच सिनेमा.

आधी नावाचं बघू. पूर्वी पत्र लिहिताना पिनकोडचे शेवटचे आकडेच लिहायची पद्धत होती. पुणे 30 म्हटलं की सदाशिव पेठ, पुणे 52 म्हटलं की कर्वेनगर. म्हणजे सिनेमाचं नाव हा एक पत्ता आहे. मध्यमवर्गीय, शांत, दुपारी झोपणाऱ्या वस्तीचा.

या पत्त्यावर दिग्दर्शकाने अमर आपटे नावाचा खासगी गुप्तहेर आणून बसवला. भूमिका गिरीश कुलकर्णींची. बायको प्राची, म्हणजे सोनाली कुलकर्णी. दोघांचा संसार पैशावाचून कुरकुरतोय. मग नेहा (सई ताम्हणकर) एक काम घेऊन येते, आणि दुसऱ्यांच्या घरात डोकावणारा हा माणूस स्वतःच त्या प्रकरणात रुतत जातो. पुढचं इथे सांगणार नाही, रहस्यपटाचं रहस्य फोडणं हे पाप आहे.

गोष्ट घडते 1992 मध्ये, आणि हे साल उगाच निवडलेलं नाही. 1991 मध्ये नरसिंह राव सरकारने अर्थव्यवस्था खुली केली. शहरात नवा पैसा आणि त्याच्या मागून नव्या इच्छा येऊ लागल्या, पण हातात मोबाइल नव्हता. गुप्तहेराला पाळत ठेवायची तर तासन् तास उभं राहावं लागे, फोटो काढायचा तर रोल धुऊन येईपर्यंत थांबावं लागे. रहस्यपट लिहिणाऱ्याला असा काळ फार सोयीचा. आजच्या काळात अर्धी रहस्यं लोकेशन शेअर केल्यावरच सुटतील.

या शैलीला न्वार म्हणतात. अंधारी चित्रचौकट, नैतिकदृष्ट्या डळमळीत नायक, आणि ‘शेवटी सगळं ठीक होईल’ अशी कुठलीही हमी नाही. मराठी प्रेक्षकाला रहस्य नवं नव्हतंच. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा इथे घराघरांत वाचल्या गेल्या. राजा परांजपेंचा ‘पाठलाग’ (1964) तर इतका गाजला की 1965 मध्ये तो तमिळमध्ये ‘इदयकमलम्’ झाला आणि 1966 मध्ये हिंदीत ‘मेरा साया’. म्हणजे एके काळी रहस्य इकडून तिकडे जात होतं! पण अर्नाळकरांचे नायक गुन्हेगाराला पकडायचे. अमर आपटेला स्वतःलाच पकडता येत नाही, आणि खरं वेगळेपण तिथे आहे.

आता तमिळकडे. 29 डिसेंबर 2016 ला ‘धुरुवंगळ पदिनारु’ आला. धुरुवंगळ म्हणजे ध्रुव, पदिनारु म्हणजे सोळा. चाहते त्याला ‘डी 16’ म्हणतात. दिग्दर्शक कार्तिक नरेन तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेला, इंजिनीअरिंग सोडून आलेला. नोकरी सोडलेला, एक पाय गमावलेला पोलीस अधिकारी (रहमान) कोइम्बतूरमधलं एक जुनं खुनाचं प्रकरण सांगू लागतो. गाणी नाहीत, विनोदी उपकथानक नाही, लांबी पावणेदोन तासांच्या आसपास. तेच तपशील पुन्हा वेगळ्या नजरेतून दिसतात आणि प्रेक्षकाचा अंदाज चुकत जातो. योगायोग बघा, तमिळ गुन्हेकथांचे प्रचंड लोकप्रिय लेखक राजेश कुमार हेही कोइम्बतूरचेच.

नवखा दिग्दर्शक रहस्यपटाकडे का वळतो? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. इथे मोठा स्टार किंवा परदेशातलं गाणं लागत नाही. घट्ट पटकथा, चार-पाच जागा आणि नेमके नट पुरतात. धोका मात्र तेवढाच मोठा. प्रेमकथेत एखादा प्रसंग फसला तर चालून जातं, खुनाच्या गोष्टीत एक दुवा निसटला की सगळा डोलारा खाली येतो.

दुसरा सिनेमा तर आणखी अवघड. कार्तिक नरेनचा ‘नरगासूरन’ वर्षानुवर्षं अडकून पडला. नंतर ‘माफिया’ (2020) आला, धनुषसोबतचा ‘मारन’ (2022) थेट ओटीटीवर आला, पण ‘डी 16’ची जादू काही जमली नाही. निखिल महाजनांनी पुढे ‘बाजी’ (2015) केला, आणि मग रहस्यापासून पार लांब जात नाशिकच्या घाटावरचा ‘गोदावरी’. याच सिनेमासाठी ऑगस्ट 2023 मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.

त्या बातमीनंतर ‘गोदावरी’ बऱ्याच जणांनी शोधून पाहिला. ‘पुणे 52’ पाहायचा राहिला असेल तर दिवे बंद करून पाहा, आणि सोनाली कुलकर्णींच्या गप्प बसण्याकडे नीट लक्ष ठेवा.