अडीच रुपयांचा संप : तलासरीचे वारली आणि दोन सरकारे

१/ ऑक्टोबर १९४५. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम दोन महिने झाले होते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांत माळांवर गवत कापणीला आले होते, पण विळा घेऊन कोणी बाहेर पडत नव्हते. वारली मजुरांची मागणी एका ओळीत मावणारी होती : ५०० पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. या मागणीला उत्तर मिळाले ते बंदुकीच्या गोळ्यांनी. त्या संपाचा हा इतिहास.

२/ आधी नकाशा. आजचा तलासरी तालुका त्या काळी उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० साली मुंबई राज्याची विभागणी झाली, तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि तलासरीकडचा भाग महाराष्ट्रात राहिला. २०१४ साली ठाण्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत ‘ठाणे जिल्ह्यातील वारल्यांचा उठाव’ असा उल्लेख आला, की तो याच मुलखाचा समजावा.

३/ वारली हे या डोंगराळ पट्ट्यातील जुने शेतकरी. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर दोन बाजूंनी दाब आला. एका बाजूने सरकार : १८७८च्या वन कायद्याने जंगल राखीव होऊ लागले, अबकारी कायद्याने ताडी आणि मोहाची दारू कराच्या कक्षेत आली. दुसऱ्या बाजूने सावकार : सारा रोखीने भरायचा, रोकड सावकाराकडे, आणि सावकाराच्या वहीवर अंगठा उठला की जमीन हातची जायची. दोन-तीन पिढ्यांत जमिनीचा धनी आपल्याच शेतावर कूळ झाला.

४/ कूळ म्हणून त्याने खंड द्यायचा, बहुधा पिकाचा मोठा हिस्सा. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी उचलायची आणि सुगीला ती वाढत्या दराने फेडायची. याशिवाय वेठ होतीच. मालकाच्या शेतावर, वाड्यावर, जंगलात बोलावतील तेव्हा मोबदल्याविना राबायचे. जंगल खात्याचे व महसूल खात्याचे खालचे नोकरही वेठीचे हक्कदार बनले होते. कायद्याच्या पुस्तकात या हक्काला कुठेही जागा नव्हती.

५/ सर्वांत दारुण प्रथा लग्नगडीची. लग्नाच्या खर्चासाठी मालकाकडून थोडे कर्ज घेतलेला तरुण आणि त्याची बायको त्या मालकाचे बांधील गडी होत. मजुरीतून कर्ज कधी फिटायचे, याचा हिशेब मालकाच्याच हाती असल्याने ते सहसा फिटत नसे. अनेकांचे आयुष्य त्यातच सरे.

६/ सरकारला हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. मुंबई सरकारने डी. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे प्रांतातील आदिवासी भागांची पाहणी सोपवली होती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याने दिलेल्या अहवालात वेठ, कर्जाची बांधिलकी आणि जमीनदारांची दहशत यांचे सविस्तर वर्णन आहे. दुखणे सरकारी दप्तरात नोंदले गेले. ठाण्याच्या डोंगरात मात्र वेठ पूर्वीप्रमाणेच चालू राहिली.

७/ जानेवारी १९४५मध्ये टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तेथे पायी आणि रेल्वेने पोहोचले. त्यांच्यापैकी माह्या धांगडा यांनी व्यासपीठावरून आपल्या लोकांची स्थिती सांगितली. ठाण्याच्या वारल्यांच्या चळवळीचा आरंभ साधारणपणे येथून मोजला जातो. म्हणजे पुढारी वारल्यांकडे जाण्यापूर्वी वारली पुढाऱ्यांकडे आले होते.

८/ त्या अधिवेशनानंतर गोदावरी परुळेकर आणि श्यामराव परुळेकर या भागात काम करू लागले. पुण्यात जन्मलेल्या गोदावरीबाई (माहेरच्या गोखले) महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधर मानल्या जातात. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या आजीव महिला सदस्य होत्या. पुढे तो समाज सोडून दोघे कम्युनिस्ट पक्षात गेले. वारली पाड्यांवर त्या ‘गोदूताई’ झाल्या. त्यांनी पाडोपाडी पायी हिंडून, वारल्यांच्या झोपड्यांत राहून आणि त्यांचेच अन्न खाऊन सभा घेतल्या.

९/ २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी परिषद भरली. सुमारे ५,००० आदिवासी जमले. ठराव साधे होते. वेठ करायची नाही. लग्नगडी म्हणून राबायचे नाही. मालकाच्या खासगी शेतावर काम केले तर दिवसाला १२ आणे रोख घ्यायचे. आणि एकजूट मोडायची नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही पाठ होतील आणि घरी जाऊन शेजाऱ्याला सांगता येतील, असे हे ठराव होते. चळवळीच्या वेगाचे एक कारण येथेच सापडते.

१०/ पुढच्या काही आठवड्यांत गावोगावचे लोक लाल बावटा घेऊन जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना सोडवून घेऊन आले. यासाठी नवा कायदा झाला नव्हता, न्यायालयाचा निकालही आला नव्हता. सक्तीची मजुरी भारतीय दंड संहितेनुसार १८६० पासूनच गुन्हा होती. त्या कलमाची अंमलबजावणी ८५ वर्षांनी झाली, आणि ती करणारे हात सरकारचे नव्हते.

११/ आता गवताकडे. या पट्ट्यातील माळांचे गवत मुंबईच्या तबेल्यांत जात असे. पावसाळा सरला की ते कापायचे, वाळवायचे, दाबून गठ्ठे बांधायचे आणि रेल्वेने रवाना करायचे. कापणीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा. तो टळला की उभे गवत वाळून निकस होते आणि व्यापाऱ्याचा वर्षाचा नफा बुडतो. एरवी वारल्याला मालकाची गरज असे. ऑक्टोबरात मालकाला वारल्याची गरज लागे.

१२/ किसान सभेने संपासाठी नेमका हाच हंगाम निवडला. मागणी : ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो गवताला अडीच रुपये. जमीनदारांनी ती नाकारली. मग कापणी थांबली. बाहेरून मजूर आणून गवत कापून घ्यावे, तर एवढे हात लगेच मिळणे अवघड होते.

१३/ १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे हजारो वारली जमले. ते का जमले, याविषयी परुळेकरांचा वृत्तान्त असा : गोदूताईंच्या सभेवर जमीनदारांचे गुंड हल्ला करणार आहेत, तेव्हा काठ्या घेऊन या, अशी खोटी वार्ता जमीनदारांच्या बाजूने पाड्यापाड्यांत पसरवण्यात आली. इकडे पोलिसांना कळवण्यात आले, की हत्यारबंद आदिवासी चालून येत आहेत. ज्या सभेसाठी लोक आले, ती सभा बोलावलेलीच नव्हती.

१४/ पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. लोक पांगले नाहीत. आपण उठून गेलो आणि मागाहून गोदूताई आल्या तर त्यांचे काय होईल, या काळजीने ते रात्रभर तेथेच बसून राहिले. गोळीबार थांबून थांबून दुसऱ्या दिवसापर्यंत चालला. पाच जण ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड हे होते. १० ऑक्टोबर हा दिवस या भागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

१५/ त्या वेळी मुंबई प्रांतात लोकांनी निवडलेले मंत्रिमंडळ नव्हते. १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यापासून १९३५च्या कायद्यातील कलम ९३ खाली गव्हर्नरचा कारभार चालू होता. गोळीबारानंतर प्रशासनाने सभांवर बंदी घातली आणि परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर जाण्याचा हुकूम दिला. पुढारी हलवले की संप आपोआप मोडेल, असा हिशेब होता.

१६/ हिशेब चुकला. पुढारी हद्दपार होते, सभा घेता येत नव्हती, छापील पत्रके वाचणारे फारसे कोणी नव्हते. तरी संप चालू राहिला, कारण दर सर्वांना पाठ होता आणि गावोगावचे वारली कार्यकर्ते जागेवर होते. ज्या मालकाने अडीच रुपये कबूल केले, त्याचे गवत कापले गेले. ज्याने केले नाही, त्याचे उभेच राहिले. एकेक करत मालक दरावर आले. त्या हंगामात वारली जिंकले.

१७/ इथवरची गोष्ट ‘परकी सरकार विरुद्ध आदिवासी’ अशी सांगता येते. अडचण पुढच्या वर्षी येते. १९४६च्या निवडणुकांनंतर प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. पंतप्रधान (प्रांताच्या प्रमुखाला तेव्हा असेच म्हणत) बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. खेर हे आदिवासींच्या प्रश्नाशी अपरिचित नव्हते. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी सेवा मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

१८/ १९४६च्या पावसाळ्यानंतर संघर्ष गवतावरून जंगलातील लाकूडतोडीकडे गेला. जंगलाचे ठेकेदार कूपांत तोड करवून घेत आणि मजुरी आपल्या मर्जीने ठरवत. मजुरांनी पुन्हा काम थांबवले. नोव्हेंबर १९४६मध्ये इमारती लाकडाच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने किसान सभेशी करार केला : दिवसाला किमान सव्वा रुपया. झरीला १२ आणे मागितले होते, त्याला दीड वर्षही झाले नव्हते.

१९/ मालक व मजूर यांनी समोरासमोर बसून दर ठरवला होता. सरकारची दृष्टी मात्र निराळी होती. जिल्ह्यात कम्युनिस्ट चिथावणीने बेबंदशाही माजली आहे, जमीनदारांना धाकात ठेवले जात आहे, आणि सुव्यवस्था राखणे हे आपले कर्तव्य आहे, अशी त्याची भूमिका होती. परिणामी पुन्हा हद्दपारीचे हुकूम निघाले, धरपकड झाली, गावांत सशस्त्र पोलीस आले. जानेवारी १९४७मध्ये पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला. तेथेही पाच आदिवासी मृत्यू पावले.

२०/ हे दोन गोळीबार शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्या वेळी गव्हर्नर होता, दुसऱ्या वेळी लोकांनी निवडलेले मंत्री, आणि त्यांत आदिवासींसाठी संस्था काढणारा गृहस्थ. तरी प्रश्न वाचण्याची रीत बदलली नाही. कष्टकरी मजुरीचा दर मागतो, ही बाब दोन्ही वेळा बंदोबस्ताच्या खात्याकडे गेली. सेवेला पात्र असलेला आदिवासी आणि सौदा करणारा आदिवासी, यांत दुसऱ्याची सवय कोणत्याच सरकारला नव्हती.

२१/ चळवळीच्या बाजूचीही चिकित्सा व्हावी. जमीनदारांवरील बहिष्कार आणि दबाव यांच्या तक्रारी त्या काळी झाल्या, आणि त्या सगळ्याच निराधार होत्या असे मानण्याचे कारण नाही. शिवाय उपलब्ध वृत्तान्तांतील मोठा भाग नेत्यांनी लिहिलेला आहे. ज्यांनी विळा खाली ठेवला, त्यांनी स्वतः फार थोडे लिहून ठेवले. तलवाड्याची रात्र आपल्याला मुख्यतः इतरांच्या शब्दांतून कळते.

२२/ पुढे काय झाले? १९४८ साली मुंबईचा कूळकायदा आला. त्यातील नंतरच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले जाऊ लागले. कायद्यात लिहिलेले सात-बाऱ्यावर उतरायला अनेकांना आणखी पुष्कळ वर्षे झगडावे लागले. त्याच १९५७ साली श्यामराव परुळेकर ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले.

२३/ जंगलजमिनीचा प्रश्न त्याहून लांबला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वनजमिनीवर हक्क सांगण्याची कायदेशीर वाट २००६च्या वनहक्क कायद्याने खुली झाली. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी आले. वनहक्क दाव्यांचा निपटारा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती, आणि त्या मोर्चात आदिवासींची संख्या मोठी होती. टिटवाळ्याला गेलेल्या वारल्यांना या मागणीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता.

२४/ गोदावरी परुळेकरांनी या वर्षांवर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिले. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, तलवाड्याच्या स्मृतिदिनाला दोन दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.

२५/ तलासरीत आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे हे न कळता ज्यांनी अंगठे उठवले, त्यांची पतवंडे तेथे पदवीचा अर्ज स्वतः भरतात. अडीच रुपयांच्या संपाचा हिशेब मांडायचा, तर ही नोंदही त्यात धरावी लागेल. (समाप्त)