सॉफ्टवेअर-निर्मितीची साधने आणि सामूहिक संवाद : जोडणीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

मोठे सॉफ्टवेअर हे आज सामूहिक श्रमाचे फलित असते. एकाच प्रणालीवर अनेक देशांतील शेकडो व्यक्ती काम करीत असतात. अशा कामात प्रामुख्याने तीन प्रकारच्या नोंदी निर्माण होतात : कोडमध्ये झालेला बदल, आढळलेला दोष आणि त्यावर झालेली चर्चा. या नोंदी वेगवेगळ्या साधनांत राहतात. त्या परस्परांशी जोडलेल्या नसतील, तर बदल दिसतो, परंतु त्यामागील कारण दिसत नाही. निर्णयाचा कागद हाती यावा आणि त्यापूर्वीचा पत्रव्यवहार मात्र मिळू नये, ही इतिहास-संशोधकाची परिचित अडचण येथेही उद्भवते. प्रस्तुत निबंधात या जोडणीचा कालक्रमाने आढावा घेतला असून, जोडणीवर नियंत्रण कोणाचे, या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रारंभिक कालखंड :

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये कोडच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारी एससीसीएस ही प्रणाली विकसित केली. त्याच प्रयोगशाळेत १९७३ मध्ये डग्लस मॅकिलरॉय यांच्या कल्पनेनुसार युनिक्समध्ये 'पाइप'ची सोय झाली. एका प्रोग्रॅममधून बाहेर पडणारा मजकूर थेट दुसऱ्या प्रोग्रॅमला पुरविण्याची ही योजना होती. लहान साधने साध्या मजकुराच्या आधारे जोडावीत, हा विचार येथे रुजला.

ॲमस्टरडॅम येथे डिक ग्रून यांनी १९८६ मध्ये सीव्हीएसचा आरंभ केला. या प्रणालीत बदलाची नोंद होताच दुसरा प्रोग्रॅम आपोआप चालविण्याची सोय होती. तिचा उपयोग करून प्रत्येक बदलाची माहिती ई-मेलने सर्व सहकाऱ्यांना कळविली जाऊ लागली. १९९८ मध्ये मोझिला प्रकल्पातून पुढे आलेल्या बगझिलाने प्रत्येक दोषाला क्रमांक दिला. बदलाच्या टिपणात तो क्रमांक लिहिला, की दोन नोंदींचा दुवा जुळत असे.

लिनक्सचा अनुभव :

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सच्या गाभ्यातील बदल पुढील दशकभर मुख्यतः ई-मेलनेच त्यांच्याकडे पोहोचत. सहभाग वाढला, तसे बदल नजरेआड होऊ लागले आणि ते पुनःपुन्हा पाठवावे लागत. त्यामुळे २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर ही खासगी कंपनीची प्रणाली स्वीकारली. ती विनामूल्य मिळत असली, तरी वापरणाऱ्याने स्पर्धक साधनावर काम करू नये, अशी अट होती. मुक्त प्रकल्पाचा व्यवहार बंदिस्त साधनावर अवलंबून असावा काय, याविषयी तीव्र मतभेद झाले. अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरमधील माहिती मिळविणारे स्वतंत्र साधन लिहिल्यानंतर वाद चिघळला आणि एप्रिल २००५ मध्ये कंपनीने विनामूल्य वापराची सवलत काढून घेतली.

टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ रोजी नव्या प्रणालीचे काम हाती घेतले. ७ एप्रिलला 'गिट' स्वतःच्याच कोडची नोंद ठेवू लागले होते. जून २००५ मधील २.६.१२ ही लिनक्सची आवृत्ती गिटच्या साह्याने प्रसिद्ध झाली. येथे दोन बाबी लक्षणीय ठरतात. पहिली, नवे साधन आले तरी ई-मेलवरील चर्चेची पद्धत मोडली नाही. बदलाचे पत्रात आणि पत्राचे पुन्हा बदलात रूपांतर करणाऱ्या आज्ञा गिटमध्येच समाविष्ट झाल्या. दुसरी, लिनक्सच्या मुख्य गिट भांडारातील नोंदी एप्रिल २००५ पासूनच सुरू होतात. त्यापूर्वीचा इतिहास इतरांना स्वतंत्रपणे जुळवावा लागला. साधन बदलल्याची ही किंमत होती.

संवादकक्षांचा कालखंड :

जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये 'वेबहुक' ही संज्ञा रूढ केली. एखादी घटना घडताच ठरावीक वेब-पत्त्यावर संदेश पाठविणे, एवढेच तिचे स्वरूप आहे. २००८ मध्ये खुल्या झालेल्या गिटहबने हा मार्ग अवलंबिला, तर २०११ मध्ये त्याच कंपनीने खुला केलेला हुबॉट संवादकक्षातून आज्ञा स्वीकारू लागला. 'ग्लिच' हा खेळ २०१२ मध्ये बंद पडल्यावर त्याच्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये स्लॅक पुढे आणले. कोडमधील बदल, चाचणीचा निकाल आणि सहकाऱ्याचे मत आता एकाच कक्षात दिसू लागले.

परंतु सोयीबरोबर परावलंबनही आले. ॲटलासियन कंपनीची हिपचॅट ही सेवा २०१९ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर आधारलेल्या जोडण्या निरुपयोगी ठरल्या. २०२२ मध्ये स्लॅकच्या मोफत योजनेत ९० दिवसांपूर्वीचे संदेश दिसेनासे झाले. जुन्या ई-मेल सूचींचे संग्रह सार्वजनिक असत; संवादकक्षातील चर्चा बहुधा खासगी राहते.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की टिकाऊ जोडणी सर्वसमावेशक साधनापेक्षा साध्या व खुल्या संकेतांवर उभी राहिली आहे : मजकूर, क्रमांक, पत्र आणि वेब-पत्ता. संदेश एका साधनातून दुसऱ्यात पोहोचविणे सुलभ झाले, तरी निर्णयामागील विचार सुरक्षित राहतोच असे नाही. म्हणून साधने जोडताना आजच्या गतीइतकाच उद्याच्या वाचकाचाही विचार होणे अगत्याचे आहे. अन्यथा कोड शिल्लक राहील, पण तो तसा का लिहिला गेला, हे सांगणारा पुरावा उरणार नाही.