कर्नाळा अभयारण्यातील मुक्काम

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत असलेले पक्षी अभयारण्य (स्थापना १९६८). मूळ क्षेत्र जेमतेम ४.४८ चौ. किमी.; २००३ मध्ये ते सुमारे १२ चौ. किमी. झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार येथे परवानगीशिवाय राहता येत नाही. वणवा पेटवणे किंवा पेटता विस्तव मागे सोडणे हाही गुन्हाच. त्यामुळे हौशी तंबूवाल्यांची येथे निराशा होते. ते योग्यच, कारण एवढ्याशा रानाला रात्रीचा गोंगाट सोसणारा नाही. अभयारण्यातील कर्नाळा किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याला आग्या मोहोळे लटकतात आणि धुराने ती उठतात. पक्षी पाहायचे तर भल्या पहाटे निघून फाटक उघडताच आत शिरावे.